नव्या पीएसआय साहेबांसाठी: पाकीट परत कसं करायचं, आणि केल्यावर टिकायचं कसं

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि श्रेणी पीएसआय म्हणून रिटायर झालो. मधली बरीचशी वर्षं रायटर होतो. रायटर म्हणजे साहेबांच्या सहीखाली जे जातं ते लिहिणारा माणूस. एफआयआर, पंचनामा, केस डायरी, रिमांड रिपोर्ट, सगळं. आमच्या ठाण्यात रायटरकडे आणखी एक काम असायचं, ते नाशिकच्या अकादमीत शिकवत नाहीत. महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास पाकिटांवर नावं घालायची. पेन्सिलीने, आणि तेही नुसतं आद्याक्षर. पेनाने लिहिलं तर तो पुरावा होतो.

त्यातलं एक पाकीट माझं असायचं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना 'हा कोण हरिश्चंद्र लागून गेला' असं वाटेल. मी बरीच वर्षं घेतलं, मग सोडलं. सोडायला ज्यांनी लावलं ते एमपीएससीतून आलेले पंचविशीतले एक पीएसआय होते. मला काका म्हणायचे. त्यांचं काय बरोबर झालं, काय चुकलं, आणि त्यांच्या आधी-नंतर आलेल्या पंधरा-वीस नव्या साहेबांचं काय झालं, त्यावरून हे लिहितोय. टोपीवर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' लावून तुम्ही ठाण्यात पाय ठेवता त्या दिवसापासून सुरू करू.

पहिला महिना रजिस्टरं वाचा

पहिल्याच हजेरीला भाषण ठोकणारे साहेब मी चार पाहिले. 'माझ्या बीटमध्ये एक रुपया चालणार नाही.' संध्याकाळपर्यंत ही बातमी मटक्याच्या टपरीवर पोचलेली असते, आणि चौथ्या दिवसापासून त्या साहेबांना कुठल्या छाप्याला न्यायचं नाही हे न बोलता ठरतं. त्यांना मिळतो बंदोबस्त, वॉरंट बजावणी आणि बेवारस मयत. तीन महिन्यांत माणूस थकतो.

म्हणून पहिला महिना तोंड मिटून रजिस्टरं वाचा. नवे साहेब अभ्यासू आहेत म्हणून कोणाला संशयही येत नाही. आधी एन.सी. रजिस्टर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांचं, घ्या. एकाच पत्त्यावरची बाई चार महिन्यांत तिसऱ्यांदा आलीय, दरवेळी 'शिवीगाळ व दमदाटी' लिहिलंय, आणि तिसऱ्या वेळी दवाखान्याच्या यादीत हात फ्रॅक्चर आहे. म्हणजे दखलपात्र गुन्हा अदखलपात्रात बसवलाय आणि त्याचे कोणीतरी पैसे मोजलेत. मग जुगाराच्या केसेस बघा. १८८७ च्या जुगार कायद्याखाली १२ (अ)ची केस दर महिन्याला होते. ठिकाण तेच, जप्ती पाचशे-सातशेची, आरोपी दरवेळी नवा पोरगा. अड्ड्याचा मालक वर्षभरात एकदाही नाही. ही ठरवून दिलेली केस. आकडा भरतो, धंदा चालू राहतो.

तिसरं मुद्देमाल रजिस्टर. कोर्टाचा परत देण्याचा आदेश कधीचा आणि फिर्यादीची पोच कधीची, यातलं अंतर मोजा. आदेशानंतर दीड-दीड महिना मंगळसूत्र ठाण्यातच पडून असेल, तर ती बाई हेलपाटे घालत होती. आणि हेलपाटे कधी थांबतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे सगळं वेगळ्या वहीत उतरवू नका. वही चोरीला जाते. गुन्हा नंबर आणि तारीख लक्षात ठेवली तरी पुरे, रजिस्टर कुठे पळून जात नाही.

पैसा सुरू कुठून होतो

बाहेरच्यांना वाटतं सगळं हावेपोटी. हाव आहेच, पण सुरुवात बहुतेक वेळा खर्चापासून होते, आणि हे समजून घेतलं नाही तर तुम्ही चुकीच्या माणसाशी भांडाल.

विहिरीत बेवारस प्रेत सापडलं. काढायला माणसं, न्यायला गाडी, कापड. रात्री अकरा वाजता हे कोण देणार? आरोपी परराज्यात आहे, चार जण तिकडे जाणार, गाडी भाड्याची, डिझेल रोख. बिल टाकलं तर पास व्हायला महिने लागतात. मग कोणीतरी म्हणतो, अमक्या हॉटेलवाल्याला सांगा. हॉटेलवाला हसत देतो. पुढच्या महिन्यात त्याच्या भावाची गाडी सुटते. तिसऱ्या महिन्यात हॉटेलवाला न सांगता पाठवतो, आणि ते सांभाळायला एक माणूस लागतो. त्याला आम्ही कलेक्शनवाला म्हणायचो. असं खातं उघडलं जातं.

उपाय कंटाळवाणा आहे. टी.ए. बिल त्याच आठवड्यात टाका, आपलं आणि सोबत गेलेल्या अंमलदारांचंही. पोरांची बिलं साहेबांनी स्वतः पाठपुरावा करून काढून दिली, तर त्यांना हॉटेलवाल्याची गरज उरत नाही, आणि ती पोरं तुमची होतात. आमच्या त्या साहेबांनी पहिल्या सहा महिन्यांत एवढंच केलं. एसपी ऑफिसच्या कारकुनाकडे दर सोमवारी फोन. सगळे हसायचे. पण पुढे वेळ आली तेव्हा तीन शिपाई त्यांच्या बाजूने जबाब द्यायला उभे राहिले, आणि तिघांचीही बिलं त्यांनीच काढून दिली होती.

घरचा खर्चही यातच आला. पीएसआयचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं, वर भत्ते. यात नीट भागतं, पण पहिल्याच वर्षी फ्लॅट आणि गाडी दोन्हींचे हप्ते घेतलेत तर भागत नाही. पाकीट घेणाऱ्या दहांतल्या सात जणांच्या मागे मी बँकेचा हप्ता पाहिलाय. आणि मत्ता व दायित्वाचं विवरण दर वर्षी वेळेवर आणि खरं भरा. सासऱ्यांनी दिलेली जमीन असेल तर तीही. पुढे तुमच्याविरुद्ध अर्ज झाला की पहिला कागद तोच उघडला जातो.

पाकीट

आता मुख्य गोष्ट. त्या साहेबांना ठाण्यात येऊन जेमतेम महिना झाला होता. पाच तारीख, संध्याकाळची वेळ, लाइट गेलेली. मी ड्रॉवरमधून त्यांचं पाकीट काढलं आणि केस डायरीच्या खाली ठेवून सहीसाठी पुढे केलं. आमची तशी पद्धतच होती. त्यांनी डायरीवर सही केली, पाकिटाला हात लावला नाही.

"काका, हे काय?"

"तुमचं आहे साहेब."

"कुठून आलं?"

"मी फक्त नावं घालतो."

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझं नाव खोडा." मी त्यांच्यासमोर खोडरबराने आद्याक्षर खोडलं, पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यांना वाटलं, विषय संपला. मला माहीत होतं की काहीही झालेलं नाही.

नवे साहेब इथेच फसतात. तुम्ही नाकारलेलं पाकीट देणाऱ्याकडे परत जात नाही. ते कलेक्शनवाल्याच्या खिशात जातं. वर तो अड्ड्यावर सांगतो, नवे साहेब कडक आहेत, वाढवून मागतायत. म्हणजे तुम्ही उपाशी, आणि तुमच्या नावाचा भाव वाढलेला. दोन महिन्यांनी साहेब स्वतः एका अड्ड्यावर गेले, तर मालक खुर्ची पुसून देत म्हणाला, "साहेब, तुमचं तर वेळेवर पोचवतोय. कमी पडतंय का?" मी मागे उभा होतो. साहेबांचे कान लाल झालेले मला दिसले.

तेव्हा नाकारायचं ते देणाऱ्याच्या कानावर जाईल असं. त्यासाठी तमाशा लागत नाही. शांतता कमिटीची बैठक असते, गणेशोत्सव मंडळांची असते, व्यापाऱ्यांची असते. तिथे शेवटी दोन वाक्यं बोला: माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर मी ते मागितलेले नाहीत, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. बस. कोणाचं नाव नाही, कोणावर आरोप नाही. दुसरं, १०६४ चा फलक बऱ्याच ठाण्यांत कपाटामागे गेलेला असतो. तो पुसून ठाणे अंमलदाराच्या डोक्यावर, येणाऱ्याला दिसेल असा लावा. याला कोणताही वरिष्ठ लेखी हरकत घेऊ शकत नाही.

आणखी एक. 'पुरावा म्हणून' पाकीट घेऊन घरी ठेवू नका. एका साहेबांनी तीन महिन्यांची पाकिटं कपाटात जमवली होती, योग्य वेळी वर दाखवू म्हणून. सुदैवाने बायकोने आरडाओरडा केला. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम २० वाचा. गैरलाभ स्वीकारला हे सिद्ध झालं की तो बक्षीस म्हणूनच स्वीकारला असं कोर्ट गृहीत धरतं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं. ड्रॉवरमध्ये कोणी पाकीट ठेवून गेलं तर हात न लावता स्टेशन डायरीला नोंद घाला, पंच बोलावा आणि डीवायएसपींना त्याच दिवशी लेखी कळवा. 'उद्या बघू' म्हणालात की ते पाकीट तुमचं झालं.

त्या साहेबांनी मला एकदा न्यूयॉर्कच्या नॅप आयोगाचं सांगितलं होतं. फ्रँक सर्पिको नावाच्या तिकडच्या पोलिसाने खात्यातली वसुली उघड केल्यावर १९७० मध्ये तो आयोग बसला. त्यात पैसे खाणाऱ्या पोलिसांचे दोन प्रकार केले होते, गवत खाणारे आणि मांस खाणारे. समोर येईल ते निमूट घेतात ते गवतवाले, स्वतः शिकार शोधतात ते मांसवाले. "काका, तुम्ही कुठले?" म्हणाले. म्हटलं, "गवतातले." तेवढ्यावर ते थांबले, पण मला रात्री झोप लागली नाही. कारण गवत खाणारा तोंड उघडत नाही, म्हणून तर मांस खाणाऱ्याचं निभतं. पुढच्या पाच तारखेला मी माझंही आद्याक्षर खोडलं.

आधी गरिबाचा पैसा थांबवा

एकदम सगळ्यावर हात टाकायचा नसतो. मटका, गुटखा, वाळू यांची साखळी ठाण्याच्या बाहेर जाते आणि वरही जाते. पहिल्या वर्षात तिला धरायला गेलात तर तुम्हीच तुटाल. त्याच्या आधी असा पैसा आहे जो पूर्णपणे तुमच्या टेबलावर थांबू शकतो: चोरीचा मोबाइल परत देताना घेतलेले पाचशे, पासपोर्टच्या पडताळणीचा 'चहा', एफआयआरच्या प्रतीचे शंभर. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची हे कायद्यातच आहे, पूर्वीच्या सीआरपीसीत होतं, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे.

साहेबांनी मुद्देमाल परत करायचा वार ठरवला, शनिवार. कोर्टाच्या आदेशाची प्रत घेऊन या, साहेबांसमोर वस्तू घ्या, सही करा, जा. पहिल्या शनिवारी दोन जण आले. चौथ्या शनिवारी बावीस. मुद्देमाल कारकून महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. पण कोणाची तक्रार करावी लागली नाही, कोणाला पकडावं लागलं नाही, आणि पीआय साहेबांनाही गप्प राहावं लागलं, कारण स्थानिक पेपरात ठाण्याचं कौतुक छापून आलं होतं.

टपरीवर फुकट चहा पिणाऱ्या हवालदाराशी मात्र भांडू नका. तुम्ही तुमच्या चहाचे पैसे द्या, एवढं पुरे. दोन आठवड्यांत सोबतचेही खिशात हात घालायला लागतात. नाही घातला तरी सोडून द्या.

तोंडी हुकूम कागदावर कसा आणायचा

वरून फोन येतो. 'ते प्रकरण एन.सी.त घ्या.' 'त्या डंपरवाल्याला सोडा, आपला माणूस आहे.' वाद घालू नका. 'येस सर' म्हणण्याआधी एक वाक्य म्हणा, मी ते शेकडो वेळा ऐकलंय आणि ते कधीच वाया जात नाही: "सर, तशी स्टेशन डायरीला नोंद घेतो."

निम्मे हुकूम इथेच मागे घेतले जातात. 'नोंद कशाला, तुम्ही बघा तुमच्या पद्धतीने.' झालं, आता तुमच्या पद्धतीने बघा. उरलेल्या निम्म्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ आहे. वरिष्ठांचे निदेश एरवी लेखी असावेत, तोंडी द्यावे लागलेच तर नंतर लेखी कायम करावेत. त्याचा आधार घेऊन साधं पत्र टाका. भाषा अगदी नम्र. 'आज रोजी दूरध्वनीवरून दिलेल्या आदेशान्वये पुढील कार्यवाही करण्यापूर्वी लेखी आदेश होण्यास विनंती आहे.' आरोप नाही, उद्गारचिन्ह नाही. आवक-जावक नंबर टाका आणि पोच घ्या. पोचेशिवाय दिलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घ्यायचीच, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगितलंय. नव्या संहितेत तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. काही ठाण्यांत आता हेच चौदा दिवस 'तडजोडी'साठी वापरले जातात. म्हणून परवानगीचा कागद फाइलला आहे का ते बघा. नसेल तर ती चौकशी नव्हे, वाटाघाट आहे.

केस डायरी रोजची रोज लिहा. मी रायटर होतो म्हणून सांगतो, आठ दिवसांची डायरी एका बैठकीत लिहिलेली असली की शाईवरूनच कळतं. बनावट नोंद करायला सांगतात ते बहुधा याच रिकाम्या ठेवलेल्या पानांवर. पान भरलेलं असेल तर कोणी सांगतच नाही.

छाप्याला जाताना

२५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. ते महसूल खात्यातले, पण त्या दिवसानंतर आमच्या भागात रात्री वाळूच्या गाडीमागे जाणारा प्रत्येक माणूस मागे वळून बघायला लागला. एकट्याने जायचं नाही. निघण्याआधी स्टेशन डायरीला नोंद: कोण, किती जण, कोणती गाडी, किती वाजता. ठिकाण पूर्ण लिहिलं तर टीप फुटते, म्हणून 'अवैध धंद्यांवर कारवाईकामी' एवढं लिहा आणि गाडी वळली की कंट्रोलला वायरलेसवर ठिकाण द्या. तिथे वेळ नोंदली जाते, आणि अड्ड्यापर्यंत बातमी पोचायच्या आत तुम्ही पोचता. सोबत डीबीतले, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातले, नेहमीचे चार नकोत. मुख्यालयातून मागवा, नाहीतर ठाण्यातली नवी पोरं आणि महिला अंमलदार घ्या.

आता झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १०५, १ जुलै २०२४ पासून. जुने लोक याला वैतागतात. तुम्ही खूश व्हा. पूर्वी टेबलावर एक लाख दहा हजार असले की पंचनाम्यात सत्तर यायचे. आता मोबाइल चालू ठेवून नोटा मोजायच्या, पंचांची सही होईपर्यंत बंद करायचा नाही. मधे 'साहेब, जरा बंद करा' असं कोण म्हणतो तेही त्यातच येतं.

वर तक्रार कधी आणि कोणाकडे

ऐकीव गोष्टीवर तक्रार करू नका. 'सगळ्यांना माहीत आहे' हे वाक्य कुठल्याच चौकशीत टिकत नाही. निनावी अर्ज तर करूच नका. ठाण्यात वीस वर्षं अक्षरं वाचणारे माझ्यासारखे लोक बसलेले असतात, आणि टाइप केलं तरी वाक्यावरून माणूस ओळखतो.

पण तुमच्याकडेच कोणी पैसे मागितले, महिन्याचं टार्गेट दिलं, चांगल्या बीटसाठी रक्कम सांगितली, तर तुम्ही स्वतः तक्रारदार होऊ शकता. तिथे 'नाही' म्हणून भांडण करू नका, 'बघतो सर' म्हणून बाहेर या आणि लाचलुचपत विभागात जा. एक खबरदारी. त्या विभागातले अधिकारीही आपल्याच खात्यातून प्रतिनियुक्तीवर गेलेले असतात. तुमच्या पीआयचा बॅचमेट जिल्ह्याच्या युनिटला असू शकतो. तेव्हा सरळ परिक्षेत्राच्या एसपींना भेटा. दबावाखाली पैसे देऊन बसला असाल तरी कलम ८ प्रमाणे सात दिवसांच्या आत कळवलंत तर लाच देणारा म्हणून तुमच्यावर गुन्हा होत नाही. आठव्या दिवशी ही सवलत नाही.

तिथे काय होतं ते मी जवळून पाहिलंय, आमच्याच ठाण्यात सापळा झाला तेव्हा. आधी मागणीची पडताळणी होते, पंचासमोर, रेकॉर्डर देऊन. मग नोटांचे नंबर लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. पांढरी, डोळ्याला दिसतही नाही. पैसे घेतले की इशारा, आणि हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात. आमच्या हवालदाराचे दोन्ही हात बुडवले तेव्हा पाणी जास्वंदी झालं. मग पँटचा खिसा उलटा करून धुतला, तेही पाणी गुलाबी. बाटल्यांना लाख लावून पंचांच्या सह्या घेतल्या आणि त्या माझ्याच टेबलावर ओळीने ठेवल्या. रिटायरमेंटला वर्षही राहिलं नव्हतं त्याचं. ते पैसे त्याचे नव्हते हे ठाण्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्यांचे होते ते त्या वेळी क्राइम मीटिंगला गेले होते.

याचसाठी सांगतो, पडताळणीच्या वेळी पैसे नेमके कोण मागतंय ते रेकॉर्डरवर त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. 'साहेबांना द्यायचे आहेत' असं हवालदार म्हणाला तर हवालदारच जातो. घाई करू नका. साहेब स्वतः बोलत नसतील तर लाचलुचपतवाल्यांना तसं सांगा आणि थांबा.

स्वतःहून मोबाइलवर काही रेकॉर्ड झालंच असेल तर मूळ फोन जपा. त्यातली क्लिप कापू नका, मित्राला व्हॉट्सअ‍ॅप करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५ ब होतं, आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय. ठाण्यात काही घडलं असेल तर सीसीटीव्हीचं फुटेज जतन करण्याचं पत्र त्याच दिवशी द्या. रेकॉर्डिंग १८ महिने, आणि ते जमत नसेल तर किमान वर्षभर ठेवावं असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. पण 'डीव्हीआर नादुरुस्त' हा शेरा फार लवकर येतो.

पेपरवाल्यांकडे जाऊ नका. पोलीस दलांच्या हक्कांवर बंधन घालणारा १९६६ चा कायदा आहे, परवानगीशिवाय वृत्तपत्राशी बोललात तर मूळ विषय बाजूला राहून तुमचीच चौकशी लागते. आमच्या साहेबांची चूक इथे झाली. एका पत्रकार मित्राला चहा पिताना सांगितलं, दुसऱ्या दिवशी छापून आलं, नाव न घालता. नाव कोणाला हवं होतं?

उलटा मार

तो येतोच. आधी लागोपाठ रात्रपाळ्या, मग लग्नाच्या आदल्या दिवशी नाकारलेली रजा, मग कसुरी, म्हणजे कामात कसूर केल्याचा लेखी ठपका. प्रत्येक कसुरीला मुदतीत लेखी उत्तर द्या, रागात नाही, आणि सोबत डायरीचा उतारा जोडा. 'हजर नव्हते' म्हणतात ना, मग कंट्रोलच्या नोंदीचा नंबर द्या. सहा कसुरी आल्या तरी सहा उत्तरं फाइलला असली की विभागीय चौकशीत चौकशी अधिकाऱ्यालाच कंटाळा येतो.

खरी भीती मुद्देमालाची. तपास दुसऱ्याकडून तुमच्याकडे आला की कागद आणि वस्तू मोजून, यादी करून, दोघांच्या सह्यांनी घ्या. पुडी सील आहे म्हणून न उघडता सही केलेले एक साहेब सोन्याच्या जागी निघालेल्या पितळेसाठी तीन वर्षं चौकशीत होते. पिस्तूल घेताना राऊंड मोजा, जमा करतानाही मोजा. बाईचा जबाब एकट्याने, बंद खोलीत कधीच घेऊ नका.

बदली

प्रकाश सिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००६ साली जे निर्देश दिले, त्यानंतर आपल्या पोलीस अधिनियमात कलम २२ (न) आलं. पीएसआयला एका ठाण्यात सर्वसाधारणपणे दोन वर्षं मिळायला हवीत. मुदतीआधी हलवायचं तर पोलीस आस्थापना मंडळाने कारण नोंदवायला हवं. ते नसेल तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येतं, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला. लोक जातात, स्थगितीही मिळते.

तरी माझं मत विचाराल तर प्रत्येक बदलीवर मॅटला जाऊ नका. स्थगिती घेऊन त्याच पीआयच्या हाताखाली परत येणं म्हणजे काय ते मी बघितलंय. पगार तोच राहतो, खांद्यावरचे दोन तारे तेच राहतात. महत्त्वाचा तपास अर्धवट तोडण्यासाठी बदली झाली असेल तेव्हा मात्र नक्की जा, आणि जाण्याआधी त्या तपासाची केस डायरी शेवटच्या दिवसापर्यंत लिहून काढा. ती मागे राहते.

आमच्या साहेबांची बदली चौदाव्या महिन्यात झाली. प्रशासकीय कारण. ते मॅटला गेले नाहीत. चार्ज द्यायला त्यांना दोन दिवस लागले, कारण प्रत्येक पुडी उघडून दाखवली. शनिवारची मुद्देमालाची यादी त्यांनी माझ्या हवाली केली, त्यात अकरा नावं बाकी होती.

त्यांच्या जागी दुसरे पीएसआय आले. पुढची पाच तारीख आली तसा कलेक्शनवाला माझ्या टेबलापाशी आला, कोरी पाकिटं ठेवली आणि नव्या साहेबांचं आद्याक्षर सांगितलं. मी पेन्सिल त्याच्याकडे सरकवली. म्हटलं, तू लिही, माझं अक्षर हल्ली नीट येत नाही. समोर माझ्याच हातची, तासाभरापूर्वी लिहिलेली केस डायरी उघडी होती. त्याने एकदा डायरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पाकिटं गोळा करून तो मुद्देमाल कारकुनाच्या टेबलाकडे गेला.